ब्रश फिरवणं म्हणजे तपासणी नव्हे
गवंड्याकडून धुराड्यात ब्रश फिरवून घेतला की तपासणी झाली, असं काही जण म्हणतात; ते पटत नाही. ती फक्त सफाई. तपासणीत बॅटरी किंवा कॅमेरा आत सोडून नळीच्या भेगा, डँपर (नळीतली धूर-हवा अडवणारी झडप) पूर्ण उघडतो-मिटतो का आणि काजळीचा थर बघतात. थर ३ मिमी झाला की साफ करायलाच हवा. ओलं लाकूड जाळलं की धुरातला डांबरासारखा अंश थंड नळीला चिकटतो. तो चकचकीत, कडक झाला तर साध्या ब्रशला दाद देत नाही आणि पेटला तर नळी तडकू शकते.

पन्हाळा-गगनबावड्याकडे तर पावसाळा सरल्यावर, पहिला जाळ करण्याआधीच दाखवून घ्या. वर टोपी नसेल तर पाणी उतरून सांध्यांतला चुना सुटतो, शिवाय पाखरांची घरटी अडकलेली असू शकतात. धूर खोलीत फिरतो तो कधीकधी नळी अशी तुंबल्यामुळंही.