कुंडीतली कोरफड नेमकी कोणती, हे कसे ओळखावे?

प्रश्न (कोथरूड)

नमस्कार. माझ्या गॅलरीत कोरफडीच्या तीन कुंड्या आहेत. पहिली माहेरून आणलेली आहे. तिची पाने जाड, राखाडी-हिरवी आणि बिनठिपक्यांची आहेत, मात्र बुडाशी आलेल्या पिलांवर पांढरे ठिपके दिसतात. दुसरी तीन वर्षांपूर्वी सोलापूर रस्त्यावरच्या एका रोपवाटिकेतून 'अ‍ॅलोव्हेरा' म्हणून घेतली. तिची पाने रुंद, आडवी पसरलेली आणि ठिपक्यांनी भरलेली असून टोके वाळलेली व कडेचे काटे कडक, तपकिरी आहेत. तिसरीला खोड आले आहे आणि ती कमरेएवढी झाली आहे.

सासूबाई रोज सकाळी थोडा गर घेतात. गेल्या आठवड्यात मी घाईत दुसऱ्या कुंडीतले पान कापले, आणि तो गर इतका कडू लागला की त्यांनी तो लगेच थुंकून टाकला. तेव्हापासून मन खात आहे. ठिपक्यांची कोरफड विषारी असते, असे शेजारी सांगतात. हे खरे आहे का?

उत्तर (सिंहगड रस्ता)

ताई, केवळ ठिपक्यांवरून निर्णय करू नये. आपली नेहमीची कोरफड लहानपणी ठिपक्यांचीच असते. पिलाची पाने आधी समोरासमोर दोन ओळींत येतात, पुढे ती गोलाकार रचनेत फिरतात आणि ठिपके बहुधा मावळतात. तुमच्या माहेरच्या झाडाची पिले हेच दाखवतात. उलट, चायनेन्सिस या नावाने विकला जाणारा एक प्रकार मोठेपणीही ठिपके टिकवतो आणि त्याला नारिंगी फुले येतात. तो कोरफडीचाच प्रकार मानावा की वेगळी जात, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत.

माझ्या गच्चीवरचा अनुभव असा, की झाड फुलेपर्यंत धीर धरावा. खऱ्या कोरफडीचा तुरा उभा आणि लांबट असतो, त्यावरची फुले पिवळी, नळीसारखी, उमलल्यावर खाली झुकलेली. आपल्याकडे ती हिवाळ्यात दिसतात. तिसरे झाड खोडावरून फांद्या फोडत असेल आणि त्याला लालसर-नारिंगी, शंकूसारखे तुरे येत असतील, तर ते दक्षिण आफ्रिकेकडचे अ‍ॅलो आर्बोरेसेन्स असावे. मात्र जुनी कोरफडही खालची पाने गळून आखूड खोड धरते. म्हणून नुसते खोड नव्हे, फांद्या पाहाव्यात.

उत्तर (औंध)

मी वनस्पतिशास्त्र शिकवते, म्हणून दुसऱ्या कुंडीविषयी थोडे सविस्तर लिहिते. वर्णनावरून ते अ‍ॅलो मॅक्युलाटा वाटते, ज्याचे जुने नाव अ‍ॅलो सॅपोनारिया होते. पानांचा रस पाण्यात फेसाळतो म्हणून त्याला साबणाची कोरफड असेही म्हणतात. खात्री करायची तर एक फूल हातात घ्या. नळीच्या बुडाशी लहानसा गोल फुगवटा दिसेल आणि त्याच्या लगेच वर नळी दोऱ्याने आवळल्यासारखी बारीक झालेली असेल. कोरफडीच्या फुलाला असा फुगवटा नसतो. शिवाय मॅक्युलाटाचा तुरा लांबट न होता माथ्यावर छत्रीसारखा सपाट पसरतो.

नावांचाही गोंधळ काढून टाकते. क्रीमच्या डबीवर दिसणारे अ‍ॅलो बार्बाडेन्सिस हे वेगळे झाड नव्हे. बर्मन आणि मिलर या दोन वनस्पतिशास्त्रज्ञांनी १७६८ या एकाच वर्षी या झाडाला दोन नावे दिली, त्यांपैकी बर्मनचे अ‍ॅलो व्हेरा आधीचे म्हणून ते ग्राह्य ठरले. या वंशात ५०० हून अधिक जाती आहेत, तेव्हा रोपवाटिकेत चूक होणे अगदी शक्य आहे. पुण्यात कोरेगाव रस्त्यावर भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागाचे कार्यालय व वनस्पतिसंग्रह आहे. फुलासह नमुना जपून ठेवलात, तर जाणकारांना दाखवता येईल.

उत्तर (हडपसर)

कडूपणाविषयी. तो ओळखीची खूण नव्हे, कारण खऱ्या कोरफडीतही सालीलगत पिवळा चीक असतोच. तो वाळवूनच काळा बोळ करतात आणि तो तीव्र रेचक आहे. पान कापल्यावर आमच्याकडे ते बुडाकडून ताटलीत तिरके उभे ठेवतात. पिवळा थेंब थांबला की साल जाड काढून गर धुतात. तरीही जात ठरल्याशिवाय दुसऱ्या व तिसऱ्या कुंडीतले काहीही पोटात घेऊ नये, आणि रोज गर घेणाऱ्या वयस्कर व्यक्तीने आपल्या डॉक्टरांना विचारलेले बरे.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. जानेवारीत काढलेली छायाचित्रे आज मोठी करून पाहिली. दुसऱ्या कुंडीतला तुरा माथ्यावर सपाट आहे आणि प्रत्येक फुलाच्या बुडाशी तो फुगवटा स्पष्ट दिसतो. त्या कुंडीवर मी 'खाण्यासाठी नाही' अशी चिठ्ठी लावली आहे. तिसरीला अजून फूल आलेले नाही. ते येईपर्यंत तिचे पान कापणार नाही.