उपासना जपायची की बाक सरकवायचा? कोल्हापूरच्या एका मंडळीतला वाद

जुनाबुधवारकर (धागाकर्ता)

प्रभूच्या नावात सलाम. जे ख्रिस्ती नाहीत त्यांनाही सलाम. वाद आमच्या घरचा असला तरी बाहेरच्यांचं मत ऐकायला आवडेल.

आमच्या मंडळीचं, म्हणजे चर्चचं, नाव घेत नाही, कोल्हापुरात सगळे सगळ्यांना ओळखतात. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांत काम करणारी झारखंडची काही पोरं वर्षभर उपासनेला येतात. आदिवासी, मुंडा आहेत, उरांव आहेत. मराठी मोडकंतोडकं. शेवटच्या बाकाच्याही मागे भिंतीला टेकून उभी राहतात आणि आशीर्वाद झाला की निघून जातात. बाक भरलेले असतात असंही नाही. पुढच्या बाकांवर 'उपासना संगीता'च्या, म्हणजे आमच्या गीतांच्या पुस्तकाच्या, प्रती आधीच मांडलेल्या असतात. कॅलेंडरच्या कागदाचं कव्हर, त्यावर बॉलपेनने आडनाव. म्हणजे जागा धरली. माणूस पुण्याला मुलाकडे गेलेला असतो, पुस्तक मात्र हजर.

तरुण संघाने पंचकमिटीकडे, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्यांकडे, साधी मागणी केली. महिन्यातून एका रविवारी एक गीत सादरी भाषेत, म्हणजे त्यांच्याकडच्या बोलीत, व्हावं, एक शास्त्रपाठ हिंदीत व्हावा आणि तो त्यांच्यापैकी कुणीतरी वाचावा. उत्तर आलं, "उपासनेचा क्रम ठरलेला आहे. आणि त्यांना यायला कुणी बंदी केलीय का?"

बंदी नाही, एवढ्यावर समाधान मानणारी मंडळी मला पटत नाही. याकोबाच्या पत्रात दुसऱ्या अध्यायात हेच आहे. सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगली जागा आणि गरिबाला 'तू तिथे उभा राहा'. येशूने मंदिरात चौरंग उलथले तेव्हा यशयाचं वचन काढलं, माझं घर सर्व राष्ट्रांसाठी प्रार्थनेचं घर. तो बाजार भरत होता बाहेरच्या अंगणात, असं बहुतेक अभ्यासक मानतात. परराष्ट्रीयांना, म्हणजे यहुदी नसलेल्यांना, प्रार्थनेसाठी तेवढीच जागा होती. आतले विधी नेमाने चालू होते, अर्पणात खंड नव्हता आणि बाहेरच्यांच्या जागेवर गल्ले मांडले होते.

आणि ही पोरं काही काल विश्वासात आलेली नाहीत. रांचीला जर्मन गोस्नर मिशन १८४५ मध्ये पोहोचलं. आपल्याकडे अमेरिकन मिशनरी वायल्डर साहेब आले १८५२ मध्ये. त्यांच्या मंडळीचा इतिहास आपल्यापेक्षा जुना आहे, आणि आपण त्यांना पाहुणे समजतोय.

शाहूपुरी_तिसरी_गल्ली

मी पंचकमिटीत आहे, तेव्हा 'त्या' उत्तरात माझाही वाटा आहे.

उपासना देवासाठी असते. कुणाला बरं वाटावं, आपलंसं वाटावं म्हणून ती वाकवायला लागलो की शेवट कुठे? आज सादरी, उद्या ड्रमसेट, परवा उपदेशाऐवजी व्हिडिओ. जुन्या करारातल्या नादाब आणि अबीहू या याजकांनीही चांगल्याच हेतूने देवापुढे अग्नी नेला असेल, पण सांगितलेला नव्हता तो नेला आणि त्यातच मेले. पौल करिंथकरांना सांगतो, सगळं शिस्तवार आणि व्यवस्थित होऊ द्या (१ करिंथ १४:४०).

माझी आई शेवटच्या दिवसांत मला ओळखत नव्हती. पण कुणी 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे' एवढं म्हटलं की तेविसावं स्तोत्र शेवटपर्यंत म्हणायची. एकही शब्द चुकत नव्हता. दर रविवारी तेच शब्द, त्याच क्रमाने ऐकल्यामुळे ते हाडात उतरलेलं होतं. तरुणांना जो क्रम कंटाळवाणा वाटतो त्याचा उपयोग असा असतो. येणाऱ्याला द्यायला आपल्याकडे काहीतरी टिकलेलं पाहिजे ना?

जुनाबुधवारकर

काका, आईंचं वाचून गप्पच झालो. पण त्या पोरांच्या आयांनाही स्तोत्रं पाठ असतील, त्यांच्या भाषेत.

चौदाव्या अध्यायाचं चाळिसावं वचन तुम्ही दिलंत, त्याच्या वरची वाचा. सोळावं आणि तेविसावं. पौलाला काळजी कशाची आहे? बाहेरून आलेल्याला आपलं बोलणं कळलं नाही तर तो आमेन कसा म्हणणार! त्या अध्यायातली शिस्त त्या नवख्या माणसासाठीच सांगितली आहे.

तांबडा_पांढरा

मी हिंदू, पण आमच्या गल्लीचा नाताळ वेगळा जात नाही, करंज्या घरी येतात म्हणून बोलतो. शाहू महाराजांनी भाषणं ठोकत बसण्यापेक्षा भाऊसिंगजी रोडला, अस्पृश्य मानल्या गेलेल्या गंगाराम कांबळेच्या हॉटेलात जाऊन चहा घेतला. विषय कट. तुमच्यात एवढी पत्रं आणि वचनं कशाला लागतात भावा?

शाहूपुरी_तिसरी_गल्ली

कोल्हापुरात कुठलीही चर्चा तिसऱ्या प्रतिसादापर्यंत महाराजांवर येते, हे ठरलेलंच. महाराजांबद्दल आदर आहेच. पण चहा आणि प्रभुभोजन यांत फरक आहे. सुरुवातीच्या मंडळीचं 'दिदाखे' नावाचं छोटं पुस्तक आहे, त्यातसुद्धा बाप्तिस्मा न झालेल्यांनी भोजनात भाग घेऊ नये असं स्पष्ट आहे. सगळीकडे सगळ्यांना सगळं, याला समावेश म्हणत नाहीत.

पेटी_वाजवणारा

काका, ज्या क्रमाला आपण जुना म्हणतो तोही कुणीतरी कधीतरी नवीन म्हणून आणलेला आहे. मिशनरी आले ते विलायती चाली घेऊन. नारायण वामन टिळकांनी आणि कृष्णराव सांगळ्यांनी अभंग, भजन, कीर्तन आत आणलं. आता तीच गीतं आपण डोळे मिटून म्हणतो. टिळकांनी तर १९१७ मध्ये 'देवाचा दरबार' काढला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, ख्रिस्ताच्या मागे जाणारे सगळे त्यात. १९१९ मध्ये ते गेले, नाहीतर पुढे काय झालं असतं कोण जाणे.

पण धागाकर्त्याची मागणीही मला पटलेली नाही. महिन्यातून एकदा त्यांना पुढे उभं करायचं, आपण टाळ्या वाजवायच्या, मोबाइलवर शूटिंग करायचं. हे तर गॅदरिंग झालं. त्यांचं गीत आपल्या गायनमंडळाने शिकावं, शनिवारी सरावाला त्यांना बोलवावं. सादरी चाल पेटीवर बसवायला मी तयार आहे. आपल्याला अवघड जाईल, शब्द चुकतील, चुकू देत. आजवर अवघडून उभं राहायचं काम त्यांनीच केलंय.

बावड्याची_सून

मी ख्रिस्ती नाही, पण दर रविवारी जाते. घरी माहीत आहे, कुणी अडवत नाही. बाप्तिस्म्याचं अजून ठरलेलं नाही.

वरचा वाद वाचून सांगावंसं वाटलं. प्रभुभोजनाच्या वेळी सगळे पुढे जातात आणि मी बाकावर बसून राहते, याचं मला वाईट वाटत नाही. त्यांचा नेम आहे, मला तो समजतो. उलट कुणी आग्रह केला असता तर अवघड झालं असतं. लागतं ते नंतर. बाहेर चहाचा थर्मास येतो, ओळखीओळखीचे गोल करून उभे राहतात. मी चप्पल घालत असते. 'वहिनी, चहा घेऊन जा' असं कुणी म्हणत नाही. चहाला तर 'दिदाखे'चा नियम नाही ना, काका?

शाहूपुरी_तिसरी_गल्ली

नाही. चहाला कुठलाच नियम नाही, ताई. या रविवारी महिला मंडळाला सांगतो.

(पण माझा मूळ मुद्दा तुम्हीच सिद्ध केलात. नेमाने तुम्हाला दुखावलं नाही.)

मोल्डिंग_शॉप

मी याच पोरांबरोबर काम करतो, सुपरवायझर आहे. तुमच्यापैकी कुणी त्यांना विचारलंय का?

मी विचारलं. भिंतीला टेकून उभी राहतात कारण तिसऱ्या पाळीतून सुटून थेट येतात. बसलं की डोळा लागतो, घोरलं तर लाज. म्हणून उभी. त्यांना पुढचा बाक नको आहे. गाण्याचं सांगितलं तर हसली. कापणीच्या सणाच्या लिलावात त्यांनी वर्गणी काढून गुळाचा अख्खा रवा घेतला, तेव्हा मात्र सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, त्याचं अजून कौतुक सांगतात. त्यांचं म्हणणं एकच आहे. सकाळची उपासना सगळ्यांना जमत नाही, काहींची सुट्टी रविवारी नसते. संध्याकाळी दोन तास हॉल मिळाला तर स्वतः प्रार्थना घेतील. त्यांच्यातला एक जण गावाकडे उपदेश करायचा.

शाहूपुरी_तिसरी_गल्ली

ही मागणी मला एकदम मान्य. हॉल द्या, पाळकसाहेब येतील, क्रम तोच, भाषा हिंदी. कमिटीत मी मांडतो.

जुनाबुधवारकर

इथेच मला भीती वाटते. उभं राहण्याचं कारण कळलं, तरी बाकावरची पुस्तकं तिथेच राहिली. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीयांबरोबर जेवत होता, मग यरुशलेमहून माणसं आली आणि तो हळूच वेगळा झाला. पौलाने तोंडावर सुनावलं (गलती २). सकाळी आपण आणि संध्याकाळी ते, ही सोय दोघांनाही इतकी सोपी पडेल की पाच वर्षांनी एका मंडळीच्या दोन झालेल्या असतील आणि भांडण झाल्याचं कुणाला आठवणारही नाही. १९७० मध्ये नागपूरला सहा वेगवेगळ्या मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारतीय मंडळी झाली. बाळाचा बाप्तिस्मा मानणारे आणि न मानणारेसुद्धा एका छपराखाली आले. आपल्याला एका रविवारी एक हिंदी शास्त्रपाठ झेपत नाही?

पेटी_वाजवणारा

मग संध्याकाळच्या उपासनेला आपणही जाऊ. सकाळची सोडून.

शाहूपुरी_तिसरी_गल्ली

सकाळची कुणीही सोडायची नाही. जाणाऱ्याने दोन्हीला जावं. मी जाईन.

मोल्डिंग_शॉप

चालू द्या तुमचं. मला फक्त एवढं कळवा, रविवारी साडेसहाला हॉल उघडणार असं पोरांना सांगू का? किल्ली कुणाकडे आहे? आणि वायफळ वाटेल, पण पंखे तपासून घ्या. मागच्या भिंतीजवळचा चालत नाही.