जुन्या लाकडी बोटीत ट्रकचं इंजिन: अक्कल की कंजूषपणा?

खाजणकर
एका गटावर परवा कुणीतरी छातीठोकपणे लिहिलं: "जुनी लाकडी बोट परत दर्यात घालायची तर भंगारातून सहा सिलिंडरचं ट्रकचं इंजिन उचला आणि बसवा. बोटीसाठीच बनवलेलं मरीन इंजिन हे पैसेवाल्यांचे चोचले." खाली अंगठ्यांचा पाऊस. गप्प बसणार होतो, पण राहवत नाही.

आमची बोट ३२ फुटी, सागाची, वडिलांच्या वेळची. पाण्यावरची लांबी २८ फूट. अशा बोटीचा वेग लांबीवर ठरतो: फुटांतल्या लांबीचं वर्गमूळ गुणिले १.३४, म्हणजे साधारण ७ नॉट. त्यापुढे १०० एचपी द्या नाहीतर २००, बोट मागून बसते, लाट उभी करते आणि डिझेल पिते. टनाला चार-पाच एचपी पुरतात. जाळं, बर्फ, माणसं धरून आमची आठ टन. ४० एचपीत काम होतं.

मग ते धूड कशाला? त्याला शाफ्ट, म्हणजे इंजिनापासून पाण्यातल्या पंख्यापर्यंतचा दांडा, जाड हवा. जाड शाफ्टला तो बोटीबाहेर काढणाऱ्या नळीचं, स्टर्न ट्यूबचं, भोक मोठं हवं, तेही जुन्या लाकडात, जिथे आधीच ओल धरलीय. मोठ्या पंख्याला मागे जागा नाही. ट्रकचा गिअरबॉक्स तर निकामीच, पंख्याचा रेटा झेलणारं बेअरिंग त्यात नसतं. मरीन गिअर वेगळा घ्यावाच लागतो. हा हिशेब "स्वस्तात झालं" म्हणणारे सांगत नाहीत.

बाब्या_देवगड
साहेब, वर्गमूळ काढून बांगडा मिळत नाही. माझ्या मावसभावाने कर्ज काढून परदेशी मरीन इंजिन घेतलं. भर हंगामात पाण्याचा पंप गेला. पार्ट आज येतो, उद्या येतो करत बोट बंदरात उभी, खलाशी बसून पगार खातायत. माझ्या बोटीत लेलँड आहे. त्याचं नोझल नाक्यावरच्या दुकानात मिळतं आणि ट्रकवाला मेकॅनिक रात्री उठून येतो. ऑक्टोबरात वारा फिरला की ४० एचपीवर परत येऊन दाखवा, मग बोलू.

खाजणकर
लेलँड स्वतः मरीन इंजिनं बनवते. तुमचं ते आहे की ट्रकमधून काढलेलं?

बाब्या_देवगड
ट्रकमधून काढलेलं. मग? चालतंय ना?

वहीवाली
आमच्या घरात डिझेलची वही मी लिहिते, तर दोन आकडे. पूर्ण जोर लावला की एचपीमागे तासाला साधारण ०.२ लिटर. ४० एचपीला ८ लिटर, ट्रकच्या १२० ला २४. समोरून कुणी म्हणेल, पूर्ण जोर लावतं कोण? बरोबर. सारख्याच वेगाला दोघांचा खर्च फारसा वेगळा नसतो. पण हातात १२० असले की नवरे मंडळी बंदरात पहिलं पोचायला रेटतातच. आणि डिझेलवरच्या कराच्या परताव्याचं म्हणाल, तर तो कधी येईल ते विचारू नका. अर्ज झाला, कागद झाले, पुन्हा तेच कागद झाले. बर्फवाला परतावा येईपर्यंत थांबतो का?

रापणीचा_गडी
परताव्याचं रडगाणं सोडा. एचपीची ही हावच दर्याच्या मुळावर आलीय. आज १२०, उद्या चिनी इंजिन ४०० चं. २०१६ च्या राज्याच्या आदेशाने पर्ससीनला, म्हणजे मासळीचा थवा घेरून खालून आवळणाऱ्या मोठ्या जाळ्याला, सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच मुभा ठेवली, २०१७ मध्ये केंद्राने एलईडी दिव्यांनी मासळी ओढून घेणारी मासेमारी बंद केली. पाळतं कोण? रात्री किनाऱ्यावर उभे राहा, समोर शहर वसल्यासारखा उजेड दिसतो. आम्ही किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढतो आणि हाताला कचरा लागतो.

बाब्या_देवगड
झालं, आली रापण! विषय ३२ फुटी बोटीचा आहे. माझ्या बोटीत एलईडी दिसला का तुला? पर्ससीनवाल्यांचा राग आमच्यावर काढू नको.

रापणीचा_गडी
एलईडी नाही, पण ट्रॉल, म्हणजे बोटीमागे ओढायचं जाळं, घेऊन किनाऱ्याजवळ किती वाव खोल पाण्यात येतोस ते सांग ना सगळ्यांना.

बाब्या_देवगड
तू बंदरावर भेट, समोर सांगतो.

वहीवाली
दोघेही बंदरावर भेटा आणि येताना परताव्याची चौकशी करून या.

पाना_नंबर_बारा
गजाली पुरे झाल्यो, कामाचा बोला. बोटींची इंजिनं बसवण्यात माझं आयुष्य गेलं. ट्रकचं इंजिन वाईट नसतं, बसवणारे वाईट असतात. ब्लॉकमधून थेट खारं पाणी फिरवतात आणि मग ब्लॉक कुजला म्हणून इंजिनाला शिव्या. आत गोडं पाणी-कूलंट ठेवा, आणि ते थंड करायला हीट एक्स्चेंजर लावा नाहीतर बोटीच्या कण्याला लागून बाहेरून पाइप फिरवा. इंजिन तिरकं बसतं, तेव्हा सम्पमधलं, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या टाकीतलं, तेल एका टोकाला जमून पंप कोरडा ओढत नाही ना ते बघा. ट्रकचा सम्प त्या उतारासाठी केलेला नसतो.

आणि खाजणकर, नवं मरीन घेतलं म्हणून सुटलात असं नाही. शाफ्टची लाइन बोट किनाऱ्यावर ओढलेली असताना पक्की करू नका. लाकडी बोट पाण्यात गेली की अंग बदलते. एक-दोन दिवस तरंगू द्या, मग कपलिंग, म्हणजे शाफ्ट आणि गिअरचा जोड, सोडून फट मोजायची पाती, फीलर गेज, फिरवा. हे न केल्याने गिअरची सीलं जातात आणि दोष कंपनीला.

मोठं इंजिन घेऊन कायम हळू चालवलं तर तेही खराब. गरमच होत नाही, काजळी धरते, तेल खातं.

बाब्या_देवगड
म्हणजे मी रेटतो तेच बरोबर! वहीवाल्या ताईंना सांगा.

बरं, ट्रॉल ओढत नसाल, नुसती जाळी टाकून येणार असाल, तर घ्या तुमचं ४०. पण सुट्या भागांचं दुकान किती लांब आहे ते आधी बघा, नाहीतर वर्गमूळ काढत बसाल.

खाजणकर
ट्रॉल नाही, जाळीच. देशी मरीन बघतोय, ज्याचे पार्ट रत्नागिरीत तरी मिळतील. ट्रकवाल्यांची ही एवढी एक गोष्ट घेतली, खूश व्हा.

वहीवाली
बिल पक्कं घ्या. इंजिन बदललं की नोंदणीत नवा नंबर चढवावा लागतो. भंगारातल्या इंजिनाचं बिल आणणार कुठून? बाब्याभाऊ, तुमच्या कागदावर कुठल्या इंजिनाचा नंबर आहे?

रापणीचा_गडी
हां, सांग बाब्या.