दोष फक्त प्रेक्षकांच्या संयमाचा?

'लोकांना संयमच उरला नाही, म्हणून संथ क्राइम थ्रिलर आपटतात', हे तुमचं म्हणणं अर्धंच पटलं. अर्धा दोष जाहिरातीचाही आहे. 'किलिंग देम सॉफ्टली' (2012) घ्या. फ्रान्सच्या कान चित्रपट महोत्सवाच्या स्पर्धा विभागातला सिनेमा, पण अमेरिकेत पहिल्या दिवशीच्या प्रेक्षकांनी सिनेमास्कोर या संस्थेच्या पाहणीत त्याला थेट 'एफ', म्हणजे सगळ्यात खालची श्रेणी दिली. पोस्टरवर बंदूक घेतलेला ब्रॅड पिट पाहून मारधाड बघायला गेलेल्यांना मिळालं काय, तर गाडीत नाहीतर बारमध्ये बसून पैशांवरून चाललेली लांबलचक बोलणी. वैतागणारच माणूस!

हिंसेबद्दल मात्र मी दिग्दर्शकाच्या बाजूने. रे लिओटाच्या पात्राला गोळ्या घालतात तो प्रसंग आठवा. पाऊस, गाडीची काच कणाकणाने फुटताना स्लो मोशनमध्ये दिसते, आणि ते देखणं वाटतं याचीच आपल्याला लाज वाटते. 'ड्राइव्ह' (2011) मधल्या लिफ्टच्या प्रसंगात तर हळुवार चुंबनानंतर लगेच बुटाने डोकं ठेचणं. तिथे काही जण हसतात. त्यांना निर्ढावलेले म्हणू नका, ताण असह्य झाला की हसू फुटतंच.

उठून जाणाऱ्यांनाही अडाणी ठरवण्यात अर्थ नाही. 'ड्राइव्ह'चा दिग्दर्शक निकोलस विंडिंग रेफ्न याचाच पुढचा सिनेमा 'ओन्ली गॉड फरगिव्ह्ज' कानमध्ये हुर्यो खाऊन आला आणि त्याच वर्षी, 2013 मध्ये, सिडनी महोत्सवाचं मुख्य पारितोषिक घेऊन गेला. मला स्वतःला तो पोकळच वाटला.