लहान पोरांना घेऊन जंगल: पाल की तोरणमाळ?

जळगावहून कारने निघतोय, पोरं चार नि सात वर्षांची, जुनं दाट जंगल दाखवायचंय पण धाकटीला घाटात उलट्या होतात. काय करावं?

सावदेकर: मग तोरणमाळ राहू द्या, नुसती वळणं. पाल बरं, यावल अभयारण्यात सातपुड्याचा साग आहे. कोवळं पान पोरांच्या तळहातावर चोळा, लालभडक रंग येतो, खूश होतात.

चाळीसगावकर: पाटणादेवी बघा ना भाऊ, गौताळा अभयारण्य १९८६ चं, गाडी देवळाजवळ जाते. माकडं मात्र लई, केळीचे वेफर्स हातात देऊ नका!

सावदेकर: आणि एप्रिल-मेत नको, साग बोडका असतो, पावसाळ्यानंतरच जा.