बायकोला नोकरी लागली तर माझा हप्ता वाढणार का?

फाटका खिसा:
तीन क्रेडिट कार्डं आणि एक पर्सनल लोन, सगळं माझ्या एकट्याच्या नावावर, लग्नाआधीचं. सगळ्या कर्ज देणाऱ्यांशी मिळून 5 वर्षांत फेडायचं ठरलंय, महिन्याला एकच हप्ता जातो, दीड वर्षात एकही चुकवला नाही. आता बायकोला नोकरी लागलीय आणि या हप्त्याच्या वार्षिक रिव्ह्यूच्या फॉर्मवर 'घरातील इतरांचे उत्पन्न' असा रकाना आहे. कर्ज माझं, सही माझी, मग तिचा पगार कशाला लिहायचा? कोरा सोडला तर चालेल का? ती आधीच म्हणतेय तुझ्या कार्डांपायी मी का राबू.

हिशेबी:
वहिनी जामीनदार किंवा को-अ‍ॅप्लिकंट नसतील तर साधारणपणे त्यांच्याकडे कोणी वसुलीला येत नाही (काही देशांत नवराबायकोची कमाई सामायिक धरतात, तेवढं बघून घ्या). पण हप्ता तुमच्या शिलकीवर (पगारातून घरखर्च जाऊन उरतं त्यावर) ठरतो आणि खरी मेख तिथेच आहे. आत्तापर्यंत भाडं, वीज, किराणा पूर्ण तुमच्या खर्चात धरला असणार, आता तो बहुतेक कमाईच्या प्रमाणात वाटतील, म्हणजे घरात येणाऱ्या 100 मधले 60 तुमचे असतील तर भाड्याचे पण 60 टक्केच तुमचे, मग शिल्लक जास्त दिसते आणि हप्ता वाढतो.

पोळलेला:
कोरा सोडू नको रे बाबा. मी सोडला होता. रिव्ह्यू करणाऱ्यांनी 3 महिन्यांचं बँक स्टेटमेंट मागितलं, त्यात दर पाच तारखेला बायकोकडून आलेली रक्कम आणि पुढे तिनेच टाइप केलेलं 'अर्धं भाडं'. एका हप्त्याची ठरलेली व्यवस्था मोडता मोडता वाचली, मोडली असती तर थांबवलेलं व्याज परत चालू.

शिंपल्यातली:
सगळे पगाराचंच बोलताय, नोकरीमुळे वाढलेला खर्च कोण लिहिणार? पाळणाघर, तिचं जाणंयेणं, तिचा स्वतःचा एखादा हप्ता असेल तर तो, सगळं पावत्यांसकट मांडा. माझ्या नवऱ्याच्या वेळी पाळणाघरातच एवढे गेले की हप्ता जेमतेम हलला. आणि जॉइंट अकाउंट असेल तर तिचा पगार वेगळ्या खात्यात घ्या, नाहीतर कुणाचे पैसे कुठले हे सांगतासांगता नाकी नऊ येतात.

फाटका खिसा:
पाळणाघर डोक्यातच नव्हतं आलं. आज रात्री फॉर्म तिच्यासमोरच भरतो, पावत्या तशाही तिच्याच पर्समध्ये असतात.