मदत हवी आहे: दूध संस्थेच्या हिशेबासाठी डेटाबेस कसा आखावा?

नमस्कार मंडळी,

सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या दूध संस्थेचा हिशेब एक्सेलमधून काढून डेटाबेसवर न्यायचा आहे. नोकरीत रोज एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) लिहितो, पण कोऱ्या कागदापासून अख्खी रचना पहिल्यांदाच करतोय. सचिवांसोबत बसून काम समजून घेतलं, टेबलं पाडायला लागलो आणि तीन ठिकाणी अडलो.

आधी काम कसं चालतं ते सांगतो. तीनशेच्या आसपास उत्पादक सकाळ-संध्याकाळ दूध घालतात. काट्यावर वजन, मशीनवर फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), मग दूध संघाच्या दरपत्रकातून लिटरचा दर. गायीच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ, म्हशीच्या दुधाला ६.० आणि ९.० हा पाया. त्याच्या वर-खाली पॉइंटप्रमाणे दर चढतो किंवा उतरतो. दहा दिवसांनी बिल, त्यातून पशुखाद्य आणि उचल वजा. दिवाळीला दरफरक.

पहिली अडचण दराची. नॉर्मलायझेशनच्या (एकच माहिती दोन ठिकाणी न ठेवण्याच्या) नियमाने दर फॅट-एसएनएफवरून निघत असेल, तर तो संकलनाच्या ओळीत ठेवू नये, दरपत्रकाच्या टेबलातून काढावा. पण संघ दरपत्रक बदलत राहतो. आत्ता एक्सेलला व्हीलूकअप (तक्त्यातून दर शोधून आणणारं सूत्र) लावलाय, त्यामुळे नवा तक्ता टाकला की मागच्या महिन्याची रक्कमही हलते. उत्पादकाच्या हातात ४१२ रुपयांची पावती आणि आमच्या शीटवर ४२० रुपये! माणूस पावती घेऊन खिडकीशी उभा राहिला की काय उत्तर द्यायचं?

दुसरी, सभासद क्रमांक प्रायमरी की (प्रत्येक ओळीची एकमेव ओळख) करावा का? वडील वारले की मुलगा त्याच क्रमांकावर दूध घालत राहतो. क्रमांक तोच, बँक खातं वेगळं, आणि वडिलांच्या नावावरची उचल तशीच बाकी. शिवाय तारीख, वेळ, क्रमांक आणि दुधाचा प्रकार मिळून युनिक ठेवावं म्हटलं, तर एकाच सकाळी एकाच घरातून दोनदा किटली येते.

तिसरी, आधी संपूर्ण आराखडा कागदावर पक्का करून मग कोड लिहावा, की तुकड्या-तुकड्यानं? संचालक मंडळ म्हणतंय, आधी सगळं लिहून दाखवा. सचिवांना मात्र स्क्रीन बघितल्याशिवाय काही सुचत नाही.

जाणकारांनी कृपया सांगावं. हा शेतकऱ्याच्या घरात येणारा रोजचा पैसा आहे, त्यात रुपयाचाही घोळ नको आहे.

—

प्रतिसाद:

सहकारी बँकेच्या सॉफ्टवेअरवर बरीच वर्षं काम केलंय, त्यावरून सांगतो.

दर संकलनाच्या ओळीत ठेवाच. दरपत्रक म्हणजे नियम, आणि पावतीवरचा दर म्हणजे त्या सकाळी झालेला व्यवहार. नियम उद्या बदलेल, झालेला व्यवहार बदलत नाही. त्या ओळीत लावलेला दर, रक्कम आणि कुठल्या दरपत्रकानं लावला त्याचा क्रमांक, तिन्ही ठेवा. दरपत्रकाला 'लागू पासून' आणि 'लागू पर्यंत' अशा तारखा द्या, जुना तक्ता कधीही खोडू नका. पोस्टग्रेस हा डेटाबेस वापरणार असाल तर एक्सक्लूजन कन्स्ट्रेंट (एकमेकांवर येणाऱ्या नोंदी नाकारणारा नियम) लावा, म्हणजे एकाच प्रकारच्या दुधाला एकाच दिवशी दोन दरपत्रकं लागू होणारच नाहीत. हे प्रोग्रामवर सोडू नका, डेटाबेसनंच अडवलं पाहिजे.

दुरुस्तीलाही तेच. सभासद ११२ चं दूध १२१ वर पडलं तर ओळ बदलायची नाही. १२१ ला उलट नोंद, ११२ ला नवी नोंद. रोजकीर्दीत आपण खाडाखोड करतो का? दिवाळीचा दरफरकही स्वतंत्र नोंद म्हणून जाऊ द्या, जुन्या ओळींना हात नको.

सभासद क्रमांक की करू नका. व्यक्ती, क्रमांक आणि 'कोणत्या तारखेपासून कोणाकडे' अशी तीन टेबलं करा. उचल व्यक्तीच्या नावावर राहील आणि वारसाकडे वर्ग करायची तर मंडळाच्या ठरावाचा क्रमांक घालून वेगळी नोंद होईल. दोन किटल्यांसाठी प्रत्येक पावतीला स्वतःचा क्रमांक द्या, तोच युनिक.

पद्धतीबद्दल: ईआर आकृती (कोणत्या गोष्टींची माहिती ठेवायची आणि त्यांचं नातं काय, याचं चित्र) आधी काढाच, पण ती सचिवांच्या शब्दांत. पीटर चेन यांनी १९७६ साली ती मांडली, तेव्हापासून तिचा खरा उपयोग गैरसमज लवकर उघडे पडण्यासाठीच झालाय. ब्रिटिश सरकारी कामांसाठी तयार झालेल्या एसएसएडीएम या आराखडा-पद्धतीतली एक गोष्ट तुम्हाला फार उपयोगी पडेल: प्रत्येक वस्तूचा जन्मापासून शेवटपर्यंतचा प्रवास कागदावर काढणं. सभासदाचा तसा काढलात की वारस, बंद खातं, पुन्हा सुरू झालेलं खातं, सगळं कोड लिहायच्या आधीच समोर येतं. मात्र तेवढा पाया झाला की पुढचं तुकड्यानंच करा. वॉटरफॉलचं (आधी सगळा आराखडा, मग कोड, अशा एकामागून एक टप्प्यांच्या पद्धतीचं) मूळ म्हणून विन्स्टन रॉइस यांचा १९७० चा जो लेख दाखवतात, त्यातच त्यांनी सरळ एका दिशेनं जाणं जोखमीचं म्हटलंय. पहिला तुकडा फक्त संकलन आणि पावती. एक अख्खं बिल निघेपर्यंत एक्सेल आणि नवीन प्रणाली शेजारी-शेजारी चालवा, पैशापैशाचा मेळ बसला की मगच कपातीकडे वळा.

—

धागाकर्ता:

मनापासून आभार. उलट नोंदीचं सचिवांना सांगितलं, ते लगेच म्हणाले, "मग हे वहीसारखंच झालं की." त्यांची संमती मिळाली. आता एकच: सकाळी वीज आणि नेट दोन्ही जातं, म्हणून संकलनाच्या जागेवरच्या संगणकात एसक्यूलाइट (एकाच फाइलमध्ये, नेटशिवाय चालणारा छोटा डेटाबेस) ठेवायचा विचार आहे. पैशांसाठी कुठला प्रकार घ्यावा?

—

प्रतिसाद:

पूर्णांकात पैसे साठवा, म्हणजे ४१२ रुपये ५० पैसे हे ४१२५०. एसक्यूलाइटला खरा दशांश प्रकार नाही, न्यूमेरिक लिहिलं तरी अपूर्णांक फ्लोट (अंदाजे साठवलेला आकडा) म्हणूनच जातो. आणि फॉरेन की (एका टेबलातली नोंद दुसऱ्या टेबलात खरंच आहे ना, ही तपासणी) तिथे सहसा मुळात बंद असते, प्रत्येक कनेक्शनला प्राग्मा ही आज्ञा देऊन चालू करा.